घंटागाडीचं चौथं कडवं

सोनवाडी, ता. मेहकर
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय माया,
सप्रेम जयभीम.

पत्र पाहून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोन करता आला असता. पण फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतेस आणि तिकडे भांडी घासतेस. नळाचा आवाज मला स्पष्ट येतो. पत्र हातात आलं की माणूस ते शेवटपर्यंत वाचतो. म्हणून यापुढे पत्र, आणि उत्तरही पत्रानंच.

विषय गंभीर आहे. आज सकाळी अंगणात उभा राहून दात घासत होतो. गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याची घंटागाडी आली. रोज तिच्या भोंग्यावर एक सिनेमाचं गाणं असतं. आज त्या भोंग्यातून मी आलो.

निंघ व बाहीर, ये व दारी,
आणलं काय म्या पाह्य तं खरी.

एवढंच. मुखडा दोनदा, मग एक बाई सांगते, "ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा", की पुन्हा मी. टूथपेस्टचा फेस गिळला गेला.

माझी पहिली हरकत पट्टीबद्दल आहे. तुला माहीत आहे, हे गाणं आपण मे महिन्यात माझ्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मागच्या खोलीत रेकॉर्ड केलं, तुझ्याच फोनवर. गिटार मी नेहमीप्रमाणे शेजारच्या पुंजाजीच्या गिरणीच्या घरघरीला जुळवली होती. मे महिन्यात व्होल्टेज पडतं, गिरणी जड चालते, तिचा सूर खाली बसतो, म्हणून माझा षड्जही खाली बसला आणि त्या गाण्याला ते वजन आलं. डिसेंबरात ते गाणं तसं होऊच शकलं नसतं. या लोकांनी त्याचा वेग वाढवला आहे. कुत्रं मागे लागलेला माणूस बायकोला हाक मारतो आहे असं वाटतं.

दुसरी हरकत मोठी आहे. एक माणूस वीटभट्टीवरून कित्येक महिन्यांनी घरी येतो आणि बंद दारासमोर उभा राहून बायकोला हाक मारतो, इथून ते गाणं सुरू होतं. दुसऱ्या कडव्यात तिच्यासाठी काय काय आणलं ते सांगतो. तिसऱ्यात आधी रागावतो, मग विनवण्या करतो. चौथ्यात काय होतं ते सांगत नाही, ते ऐकायचं असतं. खरं गाणं म्हणजे ते चौथं कडवं. आधीची तीन हा तिथवर जायचा रस्ता आहे. आणि गाडीवाल्यानं नेमका मुखडाच घेतला, कारण त्यात "निंघ बाहीर" आहे.

मी विशीपासून गाणी करतो, कोणत्याही गुरूजवळ न बसता. आजवर एकाही माणसानं हे चौथं कडवं ऐकलेलं नाही. लग्नात मुखडा झाला की पंगत बसते. शाळेत घंटा होते. जयंतीच्या कार्यक्रमात पुढचं पथक ढोलकी घेऊन जिन्यात उभं असतं. तूसुद्धा रेकॉर्डिंगच्या वेळी तिसऱ्या कडव्याला शिंक दाबायला बाहेर पळालीस आणि सगळं झाल्यावर आलीस. माझ्या मनात फार काही नाही. कोणीतरी एकदा, बसून किंवा उभ्यानं, शेवटपर्यंत ऐकावं.

समोरच्या केसरबाई बकेट घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "इंद्रभानभाऊ, आवाज वळखीचा वाटून राह्यला."

मी म्हणालो, "वाटणारच. माझाच आहे."

त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ब्रशकडे पाहिलं. "मंग तुमी गाडीवर लागले काय? दुकान बंद केलं?"

एवढी वर्षं समोर राहतात. मी ओसरीवर बसून गातो ते त्यांना ऐकू येत नाही आणि भोंग्यातलं ओळखीचं वाटतं. मी समजावून सांगितलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग पुढं काय होते? उघडते का थे बाई दरवाजा?" मी घसा साफ केला. तोवर गाडी हलली, आणि त्या "अवं, माह्यी भाजी!" म्हणून आत पळाल्या.

गाणं इंटरनेटवर तूच टाकलंस. ते गाडीत कसं पोचलं ते कळव.

तुझा
इंद्रभानमामा


पुणे
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय मामा,
जयभीम.

तुमचं पत्र मी क्लिनिकमध्ये उघडलं, ही माझी चूक. खांदा आखडलेल्या एक काकू होत्या. तीन आठवडे त्यांचा हात छातीच्या वर जात नव्हता. मी का हसते म्हणून त्यांनी विचारलं, मी टूथपेस्टपर्यंत वाचून दाखवलं, आणि हसताना त्यांचा हात सरळ डोक्यावर गेला. त्यांच्याकडून तुम्हाला धन्यवाद.

गाणं गाडीत कसं पोचलं? मामा, इंटरनेटवर टाकलेलं गाणं म्हणजे ओट्यावर ठेवलेला तांब्या. जाणारा येणारा पिऊन जातो. गाडीचा ठेका कोणा हरिओमभाऊंकडे आहे. त्यांनी गाण्याखाली लिहिलंय, "सुंदर रचना, गावाच्या कामी आली." मला वाटलं कोणीतरी कौतुक केलंय, मी उत्तरात जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. म्हणजे परवानगी मीच दिली असं ते म्हणू शकतात. आणि हो, शिंकेबद्दल अजून किती वर्षं ऐकायचं?

पण मला सांगा, तुम्हाला राग कशाचा येतोय? इतकी वर्षं तुम्ही म्हणता, गाव ऐकत नाही. आता गाव तुमचा आवाज ऐकला की हातातलं काम टाकून दारात येतं. असं कोणत्या गायकाचं होतं? माझं ऐका, याच जोरावर एक कार्यक्रम करा. समाजमंदिराचा हॉल घ्या, बाहेर भोंगे लावा. ओळखीचा आवाज आहे, लोक येतील. चारही कडवी म्हणा.

तुमची
माया

आईनं विचारलंय, गिटारची पाचवी तार अजून तांब्याचीच आहे का.


सोनवाडी
२६ नोव्हेंबर २०२४

प्रिय माया,
सप्रेम जयभीम.

ताईला सांग, पाचवी तार तांब्याचीच आहे, मी स्वतः गुंडाळलेली, आणि बाजारच्या तारेपेक्षा तिचा आवाज उबदार आहे. मोटारीला जो माणूस एक वेढा कमीजास्त होऊ देत नाही तो तारेला होऊ देईल का?

हरिओमला भेटलो. माझ्यापेक्षा बराच लहान आहे, पण बोलणं मोठं. मला पाहून खुर्चीवरून उठला, पाया पडला, चहा सांगितला. मी रागावून गेलो होतो. पाया पडलेल्या माणसावर कसं रागवायचं ते मला अजून साधलेलं नाही.

म्हणाला, "मामा, तुमच्या गळ्यात जादू हाये. पयले शिनेमाचं गाणं लावत होतो तं लोक घरातूनच 'थांब बे' म्हणत. तुमचं लावलं तं गाडी यायच्या आंधी बाया दारात! ट्राली शेवटच्या गल्लीपर्यंत पुरून नाही राह्यली."

मी विचारलं, "का येत असतील?"

"आता कोनी म्हनलं 'ये व दारी, आणलं काय म्या पाह्य', तं कोन थांबन घरात? पाह्यले येतात. पाह्यलं तं कचऱ्याची गाडी. मंग आलोच तं टाकून देऊ म्हनतात."

हे ऐकून मला राग यावा की अभिमान वाटावा ते ठरेना, म्हणून मी पट्टीचा विषय काढला. वेग कमी कर म्हणालो. तो म्हणाला, तेवढा वेळ गाडी उभी ठेवायला डिझेल लागतं. मग म्हणालो, निदान दुसरं कडवं वाजव. त्यानं ते करून पाहिलं होतं म्हणे, एक दिवस. "दुसऱ्या कडव्यात तुमी साडी, आरसा, खोबऱ्याचे लाडू असं सांगत बसता. बाया उभ्या राह्यल्या, आन् लाडवापर्यंत येऊन घरात निंघून गेल्या. एकीनं तं डायव्हरले इचारलं, लाडू कुठी हायेत."

गाण्यावरची ही पहिली समीक्षा. ती मी लक्षात ठेवली आहे.

तुझी सूचना मान्य. १५ डिसेंबरला, रविवारी सकाळी दहा वाजता समाजमंदिरात कार्यक्रम ठरला. बाहेर दोन भोंगे. 'इंद्रभान इंगळे यांच्या स्वरचित लोकगीतांचा कार्यक्रम' असा फलक लिहिला. 'स्वरचित' दोनदा गिरवलं. रविवारी पुंजाजीची गिरणी बंद असते, म्हणून शनिवारीच गिटार जुळवून ती तशीच गोधडीत गुंडाळून ठेवणार आहे. केसरबाईंना मी जातीनं निमंत्रण दिलं. त्या म्हणाल्या, "येतो. दरवाजाचं काय झालं थे समजन तरी."

तुझा
मामा


सोनवाडी
१७ डिसेंबर २०२४

महामाया,

हे पत्र मी बसून लिहितो आहे, यावरून समज की मी आता शांत आहे. परवा नव्हतो.

कार्यक्रम दहाला सुरू झाला. हॉलमध्ये सात माणसं होती, त्यांतला एक भोंगेवाला आणि एक पुंजाजी. पुंजाजी गिरणीमुळे एका कानानं कमी ऐकतो आणि तोच कान माझ्याकडे करून बसला होता. पहिली दोन गाणी मी म्हटली. टाळ्या झाल्या, सात माणसांच्या होतात तशा. तिसरं गाणं हे. मी डोळे मिटले. हे गाणं मी डोळे उघडे ठेवून म्हणूच शकत नाही. "निंघ व बाहीर" सुरू केलं. भोंगे चांगले होते, आवाज वेशीपर्यंत गेला असेल.

मुखडा दुसऱ्यांदा घेत होतो तेव्हा पावलं ऐकू येऊ लागली. पुष्कळ पावलं. माया, तुला खरं सांगतो, वाटलं, आलं गाव. मी दुप्पट जोर लावला. आणखी पावलं. खुर्च्या सरकल्या. मग एक वास आला.

डोळे उघडले. हॉल भरला होता. दारापर्यंत, पायऱ्यांवर, बाहेर रस्त्यावर माणसंच माणसं. आणि प्रत्येकाच्या हातात बकेट.

रविवारी गाडी येत नाही ना! शनिवारचा आणि रविवारचा, दोन दिवसांचा कचरा घरोघर साठलेला. भोंगा ऐकून गावाला वाटलं, आता रविवारचीही सोय झाली. काही माणसं आंघोळीतून तशीच आली होती. एक म्हातारा मला विचारू लागला, "गाडी कुठी हाये बे?" मी म्हणालो, "गाडी नाही, कार्यक्रम आहे." तो मागे वळून ओरडला, "गाडी नाही येऊन राह्यली! इथंच ठेवा म्हनते!"

मी असं काही म्हणालो नव्हतो. पण आवाज मागे पोचला, आणि रांग लागली. शिस्तीत, एकेक जण येऊन स्टेजच्या पायथ्याशी बकेट रिकामी करून, मला नमस्कार करून गेला. एका बाईनं "बरं केलं भाऊ, रयवारचं बी चालू केलं" असं म्हणून पाठीवर थाप मारली. मी दुसरं कडवं म्हणत होतो. माया, मी थांबलो नाही. साडी, आरसा, लाडू सगळं म्हटलं. माझ्यापुढे ढीग वाढत होता.

शेवटी केसरबाई राहिल्या. खुर्चीवर बसल्या, बकेट मांडीवर. म्हणाल्या, "म्हना." मी तिसरं कडवं सुरू केलं. तेवढ्यात त्यांच्या सुनेनं दारातून हाक मारली, पाहुणे आले. त्या उठल्या, ढिगावर बकेट उलटी केली आणि जाता जाता म्हणाल्या, "उद्या सांगजा."

भोंगेवाल्यानं वायर गुंडाळली. पुंजाजी म्हणाला, "गर्दी चांगली झाली." सगळं मी एकट्यानं उचललं. ओला वेगळा केला, सुका वेगळा केला. राग होता म्हणून शिस्त सोडणारा माणूस मी नाही.

आता एकच काम कर. गाणं त्या गाडीवरून उतरव. कायदा असेल तो लाव. तुझी ती वकील मैत्रीण आहे, रेवती, तिला सांग. माझं गाणं मला परत पाहिजे.

इंद्रभान


पुणे
२३ डिसेंबर २०२४

मामा,
जयभीम.

रेवतीनं एक पत्र पाठवलं. फक्त एक. हरिओमभाऊंचा लगेच फोन आला, रडकुंडीला आले होते. "मामाले राग आला असन तं नाही वाजवत ताई, मामा मोठे मानूस हायेत." उद्यापासून गाणं बंद.

ढिगाचं वाचून मला हसू आलं नाही. खोटं कशाला बोलू, आलं. पण नंतर वाईट वाटलं. तुमचं गाणं तुम्हाला परत मिळालं, आता बरं वाटेल.

माया


सोनवाडी
२ जानेवारी २०२५

प्रिय माया,
सप्रेम जयभीम.

गाणं बंद झालं. समाधान आहे. रेवतीला धन्यवाद सांग.

गाडीवर आता एका माणसाचं भाषण लावलं आहे. "बंधू आणि भगिनींनो" असं सुरू होतं. गावातले लोक बंधू आणि भगिनी म्हटलं की निवडणूक समजून दार लावून घेतात. ट्रॉली रिकामी फिरते. काल गाडी आमच्या गल्लीतून गेली तेव्हा दारात फक्त मी होतो. मी दात तिथंच घासतो, त्यामुळे सहज असतो. डायव्हर नागसेन म्हणाला, "काका, करमून नाही राह्यलं." मी म्हणालो, "गाडी चालव."

नालीच्या कडेनं कचरा दिसू लागला आहे. माझा त्याच्याशी संबंध नाही.

दुकानात मोटारी पुष्कळ आल्या आहेत. गव्हाला पाणी सुरू आहे. पुंजाजीची गिरणी थंडीत वरच्या सुरात चालते आहे. गिटार गोधडीत आहे. काढायला वेळ होत नाही.

सहज विचारतो. इंटरनेटवर लोक गाणं कुठपर्यंत ऐकतात, ते कळतं का?

तुझा
मामा


पुणे
९ जानेवारी २०२५

प्रिय मामा,
जयभीम.

कळतं. एक रेघ दिसते. तुमच्या गाण्याची रेघ मुखड्यावर टेकडीसारखी उंच आहे आणि लाडवापाशी सपाट होते. पण एक चांगली बातमी आहे. गेल्या पंधरवड्यात मेहकरकडचं कोणीतरी रोज गाणं पूर्ण ऐकतंय. चारही कडवी, एकदम शेवटपर्यंत, कधी दिवसातून दोनदा. तुम्हाला श्रोता मिळाला मामा! कोण असेल?

दुसरं. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दात घासायला माणसाला किती वेळ लागतो? गाडी कधी सातला येते, कधी साडेसातला, असं तुम्हीच एकदा सांगितलं होतं. तुम्ही तिची वाट पाहता का? मला वाटलं होतं, गाणं बंद झालं की तुम्हाला बरं वाटेल. मी तुम्ही सांगितलं तेच केलं. चुकलं का?

माया


सोनवाडी
२० जानेवारी २०२५

प्रिय माया,
सप्रेम जयभीम.

तो श्रोता मी आहे. फोन नवीन घेतला. तुझी शिंक ऐकू येते का ते तपासत होतो. येते, दुरून.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुढे येईलच.

परवा दुकानात शिष्टमंडळ आलं. हरिओम, नागसेन, वॉर्डातले दोन सदस्य, आणि सगळ्यांच्या पुढे केसरबाई. मी एका पाणबुडी मोटारीची वाइंडिंग करत होतो. मान वर केली नाही.

केसरबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमी गानं बंद केलं, आमी समजलो तुमी वारले."

"मी समोर राहतो, केसरबाई."

"हाव, पन आवाज नाही आला तं मानसाले काय समजावं? अन् कचरा पाहा कसा माजला! माह्या दारात कुत्रे भांडून राह्यले."

हरिओम पुन्हा पाया पडला. मी वेढे मोजत होतो, म्हणून पाय मागे घेता आले नाहीत. म्हणाला, "मामा, कायबी अट घाला."

मी मोटार खाली ठेवली. अटी माझ्या तयारच होत्या. एक, पट्टी मूळची. दोन, चारही कडवी. तीन, मध्ये ती ओला कचरा सुका कचरावाली बाई नको.

हरिओम कळवळला. "मामा, एका गल्लीत गाडी थांबते किती? चार कडव्यांत तं सारं गाव होऊन जाईन!"

आणि त्या वाक्याबरोबर, माया, मला दिसलं. सारं गाव. मी म्हणालो, "मग होऊ दे. मी गाडीवर बसतो. गिटार घेऊन. एका गल्लीत एक कडवं. पहिल्या गल्लीत सुरू करीन, शेवटच्या गल्लीत संपवीन. मुखडा सगळीकडे म्हणीन म्हणजे लोक बाहेर येतील, आणि मग ज्या गल्लीच्या वाट्याला जे कडवं येईल ते."

शिष्टमंडळानं एकमेकांकडे पाहिलं. नागसेन म्हणाला, "काका, केबिनमध्ये बसता की ट्रालीवर?" मी म्हणालो, ट्रॉलीवर. गायक डायव्हरच्या शेजारी बसत नाही.

एक तारखेला निघायचं ठरलं. तू येऊ नकोस. तुला धूळ सोसत नाही, शिंकशील.

तुझा
मामा


सोनवाडी
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय माया,
सप्रेम जयभीम.

झालं.

शनिवारी सकाळी पुंजाजीनं माझ्यासाठी गिरणी लवकर सुरू केली. रिकामी गिरणी फिरवत नाहीत, दगड खराब होतात, म्हणून त्यानं घरची ज्वारी टाकली. आता महिनाभर त्याच्याकडे भाकरीच भाकरी. मे महिन्यातला सूर हवा म्हणून मी त्याला पट्टा थोडा सैल करायला लावला. गिरणी घरघरत खाली बसली, गिटार जुळली, मी पिठानं पांढरा होऊन ट्रॉलीवर चढलो. नागसेननं पुढे दोरीनं खुर्ची बांधली होती. मागे कचरा, पुढे मी.

पहिली गल्ली आपली. मुखडा म्हटला. दारं उघडली. केसरबाई बकेट घेऊन आल्याच. पहिली गल्ली म्हणून कडवंही पहिलंच, दार उघडायला सांगणारं. टाळ्या पडल्या. गाडी हलली.

दुसऱ्या गल्लीला साडी, आरसा, लाडू आले. तिथे एक लहान भांडण झालं. पलीकडच्यांना "दार उघड" मिळालं आणि आम्हाला लाडूच का, अशी तक्रार. मी म्हणालो, सगळ्यांचं मिळून एकच गाणं आहे. एक बाई म्हणाली, "मंग आमाले मधलंच काऊन?" मी नागसेनला गाडी पुढे घ्यायला सांगितलं. बाजारगल्लीला तिसरं कडवं लागलं, रागाचं आणि विनवण्यांचं. चहावाल्याकडे माझे दुकानाचे पैसे अडकले आहेत, त्याला ते स्वतःवर वाटलं, त्यानं उधारीचा विषय काढू नका म्हणून दोन चहा वर पाठवले.

माझा आवाज त्या दिवशी लागला होता, माया. भोंग्याशिवाय, उघड्यावर, खालच्या पट्टीत. मी मनात म्हणत होतो, आता शेवटची गल्ली, आता चौथं.

गाडी वळली. मी डोळे मिटले. मुखडा घेतला. कुठलंही दार वाजलं नाही. मी पुन्हा घेतला. वास बदलला. डोळे किलकिले करून पाहिलं तर एकीकडे तुरीचं शेत आणि दुसरीकडे कचऱ्याचा डोंगर. बाजारगल्लीच शेवटची होती. घरं तिथे संपतात, माया, पुढे गाडी फक्त डेपोवर जाते. जन्म याच गावात काढला, एकेक बोळ जिभेवर आहे, अटी घालताना कडवी मोजली, गल्ल्या मोजल्या नाहीत. चार कडवी, तीन गल्ल्या. मोटारीत असं झालं असतं तर जळली असती.

नागसेन उतरला. म्हणाला, "काका, खाली करू का?" मी म्हणालो, "थांब." त्यानं बंद केलेल्या इंजिनवर हात ठेवला, उगीच, गाडी पुन्हा सुरू होईल की काय अशा भीतीनं.

मग मी म्हटलं. कोणासाठी ते विचारू नकोस. दोन डुकरं होती. तुरीवर बगळे होते. डोळे गच्च मिटले आणि चौथं कडवं पूर्ण म्हटलं, सावकाश, एकही जागा न गाळता. तो माणूस हाका मारून थकतो, शेवटी दार ढकलतो, दार उघडंच असतं, आत कोणी नसतं,

घर होतं रिकामं, फिरलो मांगं,
उभी कवाची तू घागर संगं.

तार थांबेपर्यंत मी हात हलवला नाही. पाचवी तार उशिरा थांबते.

मग मागे कोणीतरी नाक ओढलं. मी खुर्चीतल्या खुर्चीत वळलो. ट्रॉलीच्या मागे केसरबाई उभ्या होत्या. घामानं चिंब, पदर कमरेला खोचलेला, चपलेचा एक अंगठा तुटलेला. हातात बकेट. भरलेली.

मी म्हणालो, "केसरबाई, तुम्ही? तुमचा कचरा तर पहिल्या गल्लीत..."

"नाही टाकला," त्या म्हणाल्या. "टाकला असता तं तुमच्या गाडीमांगं काय म्हनून आलो असतो? लोक इचारतात, कुठी चालल्या. म्या म्हनलं, गाडी थांबूनच नाही राह्यली, टाकाचा हाये."

पहिल्या गल्लीपासून, माया. सगळी कडवी. पायी.

नागसेन हात पुढे करून उभा होता. त्यांनी बकेट त्याला दिली नाही. स्वतः उलटी केली, बूड ठोकलं, आणि म्हणाल्या, "म्हंजे थे घरात नव्हतीच. मांगंच होती. अन् हा बावा दरवाजाशी बोलून राह्यला."

"हो."

"शेवट बरा हाये," त्या म्हणाल्या. थोडं चालल्या आणि परत वळल्या. "पन तिसरं कडवं लांबलं. इतकं कोनी नाही इनवत. बायको काय, लाकडाचं दार बी थकते."

मी परतताना त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः रिकाम्या ट्रॉलीत उभा राहिलो. बाजारगल्लीतून येताना लोकांनी त्यांनाच टाळ्या दिल्या. ते गाणं त्याच म्हणत होत्या असं बऱ्याच जणांना आता वाटतं. मी खुलासा केला नाही.

कालपासून तिसरं कडवं पुढे घेऊन बसलो आहे. दोन ओळी काढल्या. एक परत घातली.

तुझा
इंद्रभानमामा

ता. क. तिसरं कडवं खरंच लांब आहे का? खरं सांग. पण आधी एकदा शेवटपर्यंत ऐक, भांडी बाजूला ठेवून.